बॉम्ब शेल्टरमधला दिवा

निशिकांत दातारला जेवायला बोलवायचं म्हटलं की इथे परदेशात आमच्या मराठी मंडळातले लोक आधी घर आवरायला घेतात. पाहुण्यांसाठी आवरतात तसं नाही. गॅसजवळचं फडकं उचलतात, एकात एक खुपसलेले एक्स्टेंशन बोर्ड सोफ्यामागे दडपतात, आणि दाराबाहेर ठेवलेलं सामान तात्पुरतं बेडरूममध्ये कोंबतात. कारण हा माणूस चपला काढता काढता वर बघतो. छताला धुराचा अलार्म आहे की नाही ते आधी, आणि "कसे आहात" मागाहून.

माझ्या बिशानच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी पुरणपोळ्या केल्या होत्या. सकाळपासून राबले होते. पहिला घास घ्यायच्या आत म्हणाला, "अनघा, तुझी चिमणी तुपकट झालीये. एक दिवस पेट घेईल." अस्सा राग आला होता! निदान पोळी तरी संपवायची! आणि गंमत बघा, दोन वर्षांनी मी त्याच्याच फायर स्टेशनवर, त्याच्याच शेजारी, तसलीच जाड पँट चढवून उभी. मी बँकेत हिशेब तपासणारी बाई. घरचे अजून विचारतात, तुला काय दुर्बुद्धी झाली म्हणून.

इथल्या अग्निशमन दलात आमच्यासारखी साधी नोकरदार माणसंही घेतात. आधी प्रशिक्षण देतात, मग शनिवार-रविवारी पगारी जवानांबरोबर बंबावर बसवतात. निशिकांत सोमवार ते शुक्रवार जुरोंग ईस्टला आयटी मॅनेजर आणि शनिवारी फायरमन. हे गेली बारा-चौदा वर्षं चाललंय. आता पंचावन्नच्या पुढे गेलाय, गुडघे बोलायला लागलेत, तरी येतो. मी एकदा विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "ऑफिसात मी काय करतो ते आईला कधी कळलंच नाही. हे कळतं."

लोकांना वाटतं केवढं ते शौर्य. छे हो! शौर्य महिन्यातून एकदा झालं तर झालं. एरवी कुणाचं तरी भांडं करपलेलं असतं. घरमालक कुलूप लावून खाली कॉफी प्यायला गेलेला असतो आणि आम्ही दार फोडून आत जातो तेव्हा वरण कोळसा झालेलं असतं. कुणी सिगारेट कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांतून खाली उतरणाऱ्या नळकांड्यात, टाकतं आणि दहा मजल्यांचा कचरा खालून धुमसायला लागतो. चिनी लोकांचा भुतांचा महिना आला की विचारूच नका. पितरांसाठी कागद जाळतात, आणि अर्धवट विझलेली राख पिशवीत भरून त्याच शूटमध्ये. त्या महिन्यात माझ्या केसांचा वास चार-चार दिवस जात नाही. आणि बाकी सगळे खोटे अलार्म. आम्ही धावत जायचं, पाठीवर हवेची टाकी, डोक्यावर हेल्मेट, उकाड्यानं जीव चाललेला, आणि वर जाऊन बघावं तर कुणीतरी मासे तळत असतं.

पण निशिकांत कधी कुणावर चिडला नाही. करपलेलं पातेलं हातात धरून त्या घरच्या आजीला समजावणार, "आँटी, ज्योत एकटी सोडायची नाही. एक मिनिटसुद्धा नाही." मँडरिनमध्ये तेवढं एक वाक्य पाठ केलंय त्यानं, मलेमध्ये एक, तमिळमध्ये एक. मराठीत मात्र त्याला भाषणच येतं, आणि ते तो नवरात्राच्या आधी आमच्या लोकांना घरोघर जाऊन देतो.

का, ते सांगते. सेंगकांगसारख्या भागातल्या सरकारी फ्लॅटमध्ये प्रत्येक घराला एक बॉम्ब शेल्टर असतं. वीतभर जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, पोलादी दार, आणि हवेसाठी वर दोन गोल भोकं, त्यांनाही पोलादी झाकणं. युद्ध काही येत नाही. मग लोक तिथे सुटकेसा ठेवतात, तांदळाच्या गोण्या ठेवतात. आपल्या लोकांनी त्याचं देवघर केलं. जागा कमी, काय करणार! आणि नवरात्रात नऊ दिवस तिथे अखंड दिवा. घरातली सगळी माणसं कामाला, पोरं शाळेत, आणि काँक्रीटच्या कोठडीत कापडी आसनाशेजारी दिवा एकटाच जळतोय. निशिकांतला ते बघवत नाही. तो घरोघर सांगतो: दिवा परातीत ठेवा, परातीत पाणी घाला, फुलांच्या माळा लांब ठेवा, आणि घरात कोणी नसेल तर चक्क शांत करा. लोक तोंडावर हो म्हणतात आणि दार लावल्यावर म्हणतात, मेला अपशकुनी.

आणि त्याच्या स्वतःच्या घरात? त्याच्या स्वतःच्या बॉम्ब शेल्टरमध्ये त्याच्या आईचा अखंड दिवा!

काकू ब्याऐंशीच्या. वडील गेल्यावर निशिकांतनं त्यांना सदाशिव पेठेतून इथे आणलं. अंगानं काटकी, जीभ तलवार. अखंड दिवा त्यांनी पूर्वी कधी लावला नव्हता. निशिकांत पहिल्यांदा बंबावर बसला त्या वर्षीपासून लावायला लागल्या. मला त्यांनी स्वतः सांगितलंय, "तो आगीत शिरणार, मग मी काय हातावर हात ठेवून बसू? नऊ दिवस माझी ज्योत तेवली की त्याचं वर्ष नीट जातं." मधे दिवा गेला तर त्या वर्षी त्याचं काही खरं नाही, अशी त्यांची पक्की समजूत. आता अशा बाईला कोण सांगणार की दिवा शांत करा? निशिकांतनं परात आणून दिली, ती त्यांनी वापरली. पाणी घातलं. हवेची झाकणं उघडून ठेव म्हणाला, तर पाली येतात म्हणून घट्ट पिळून बंद केली. रोज तो उघडायचा, रोज त्या बंद करायच्या. शेवटी तो थकला.

त्या काँक्रीटमध्ये मोबाइललाही रेंज येत नाही. काकू पूजेला बसल्या की फोन लागायचाच नाही. नीता, म्हणजे निशिकांतची बायको, म्हणायची, "सासूबाई देवापुढे बसल्या की जगाशी संबंध संपला."

परवाच्या नवरात्रात नीता लेकीकडे मेलबर्नला गेली होती. घरात मायलेक दोघंच. तिसरी माळ शनिवारी आली, आणि शनिवारी निशिकांतची ड्यूटी.

सकाळी स्टेशनवर आला तोच उतरलेल्या चेहऱ्यानं. आम्ही गाडीचं सामान तपासत होतो. रोज शिफ्ट सुरू होताना प्रत्येक टाकीतली हवा, पाण्याचा प्रत्येक होज, प्रत्येक कटर हाताळून बघायचा, असा नेम आहे. निशिकांत मास्कची काच पुसत होता, पुसत होता, पुसतच होता.

"अरे, भोक पडेल तिला," मी म्हटलं.

"आईशी भांडून आलोय," तो म्हणाला. "म्हटलं, आज तू एकटी आहेस, दिवा शांत कर, मी संध्याकाळी येऊन लावून देतो. नाही म्हणाली. म्हटलं, मग मी जात नाही. तर म्हणे, नको जाऊस, बरंच होईल."

"मग?"

"मग आलो. पण येताना फार बोललो गं. म्हटलं, आग काय देवाची-माणसाची ओळख धरत नाही. बंद खोलीत ती तुझीच हवा खाईल. धूर दिसला तर पहिल्यांदा तो दिवा घालव आणि मग नाव घे तुझ्या देवीचं. असं म्हणालो."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"माझा डबा हातात दिला."

आयांशी भांडून घराबाहेर पडलं की दिवस कसा जातो, ते ज्याचं त्याला माहीत.

मग चहा. आमच्या टेबलावर नेहमीचं रणकंदन सुरू झालं. वेई मिंग म्हणून शाळेत विज्ञान शिकवतो तो आमच्यातलाच एक स्वयंसेवक आहे, त्याला नवीन छोटी लाल गाडी फार आवडते. गल्लीबोळात घुसते, फेस मारते, तीन माणसांत काम. "दहा वर्षांत मोठा बंब म्युझियममध्ये जाणार," तो म्हणाला.

"जाऊ दे," निशिकांत म्हणाला. "पण अकराव्या मजल्यावर पाणी तुझा फेस नेणार का? इमारतीतला पाइप कोरडा असतो बाबा. खाली बंब लागतो, आणि बंबाशी माणूस लागतो."

"बघा! म्हणजे अंकललाच पंपावर उभं राहायला आवडतं," हफीझ म्हणाला. हफीझ आमचा कमांडर, पगारी जवान. वय तिशीच्या आत, पण शब्दाला वजन.

निशिकांतचा चेहरा पडला. गेल्या काही महिन्यांत हफीझ त्याला वर पाठवायच्याऐवजी खालीच ठेवायला लागला होता. गुडघ्यांमुळे. कोणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच. "पंपावर उभं राहणं म्हणजे लग्नात चपला सांभाळणं," निशिकांत मला मराठीत म्हणाला. "आत जेवणं चाललीयेत आणि आपण दारात."

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. मग कोणाची टाकी जड, कोणाचे बूट चावतात, नवीन हेल्मेटचा दिवा किती भिकार, असं रटाळ गुऱ्हाळ जेवणापर्यंत चाललं. मधे दोन कॉल झाले. एक लिफ्टमध्ये अडकलेली बाई, एक करपलेलं पातेलं. पातेल्याच्या घरातून परतताना निशिकांतनं काकूंना फोन लावला. लागला नाही. "पूजेला बसली असेल," तो म्हणाला आणि डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी होती. आम्ही दोघांनी वाटून खाल्ली.

दुपारी तिसरा कॉल आला. पळत गाडीत बसलो, दारं आपटली, सायरन सुरू झाला. समोरच्या स्क्रीनवर पत्ता उमटला आणि हफीझनं तो मोठ्यानं वाचला. सेंगकांग, अमुक ब्लॉक, अकरावा मजला, कॉरिडॉरमध्ये धूर.

माझ्याशेजारी निशिकांत हवेच्या टाकीचे पट्टे आवळत होता. त्याचे हात थांबले.

"माझा मजला आहे," तो म्हणाला.

मग तो एकच शब्द म्हणाला, मराठीत, माझ्याकडे न बघता. "दिवा."

सांत्वन म्हणून म्हणायला तोंड उघडलं की दुसरंही काही असेल, पण माझ्याही मनात तेच आलं होतं. त्यानं फोन काढला, लावला, कानाला धरला. बाईचा इंग्रजी आवाज मलाही ऐकू आला. संपर्क होऊ शकत नाही. परत लावला. परत तीच बाई. आग लागो तिच्या तोंडाला, असं माझ्या मनात आलं, आणि काय मनात आलं म्हणून जीभ चावली.

हफीझ मागे वळला. "अंकल, आई घरात आहे?"

"आहे. एकटी."

"मग तू वर जायचं नाहीस. पंपावर राहायचं."

मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडायलाच हवं होतं! मी असते तर हफीझची गचांडी धरली असती. पण निशिकांतनं मान हलवली आणि घट्ट केलेले पट्टे एकेक करून सैल केले. ज्याचं माणूस आत अडकलंय त्याला आत पाठवत नाहीत. तो पळत सुटतो, मास्क घालायचा विसरतो, आणि मग एकाच्या जागी दोघांना बाहेर काढावं लागतं. हे नवीन पोरांना निशिकांतच शिकवतो.

पट्टे सोडून झाल्यावर त्यानं माझा दंड धरला. "अनघा, नीट ऐक. फोन वाजत नाहीये, लागतच नाहीये. म्हणजे ती शेल्टरमध्ये आहे. हॉलमध्ये असती तर वाजला असता. दार आतून ओढून घेतलं असेल, मीच सांगितलंय तसं, धूर असला की मी येऊन सांगेपर्यंत उघडायचं नाही म्हणून. बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप असेल, ते कापा. आणि तिच्याशी मराठीत बोल. दुसऱ्या कुणाला ती उघडणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आणि आत दिवा आहे," तो म्हणाला. "झाकणं बंद आहेत."

"माहितीये रे मला!" मी त्याच्यावर खेकसले.

ब्लॉकखाली माणसं माना वर करून उभी होती. अकराव्या मजल्यावरून काळा धूर कॉरिडॉरच्या कठड्यावरून ओसंडत होता. निशिकांत पंपाकडे गेला. मी, वेई मिंग, हफीझ आणि एक पगारी जवान लिफ्टनं नवव्या मजल्यापर्यंत आणि पुढे जिन्यानं. दोनच मजले, पण त्या टाकीसकट दोन मजले म्हणजे माझ्यासारखीला पर्वती. वर पाइपला होज जोडला आणि हफीझनं वॉकीटॉकीवर पाणी मागितलं. होज लगेच फुगला. एका क्षणाचाही उशीर नाही. खाली निशिकांत होता.

कॉरिडॉरमध्ये हात दिसत नव्हता. शेजाऱ्यांच्या दाराशी चार्जिंगला लावलेली विजेची सायकल फटफट आवाज करत पेटली होती. शेजारचे घरात नव्हते. म्हणजे दिवा नव्हता! त्या धुरात, मास्कच्या आत, मी चक्क मोठ्यानं म्हटलं, "दिवा नव्हता रे." ऐकणार कोण? निशिकांत अकरा मजले खाली होता, आणि वॉकीटॉकीवर मराठीत गप्पा मारायची सोय नसते.

दोघे पाण्यावर राहिले. मी आणि वेई मिंगनं दातारांच्या जाळीचं कुलूप कापलं आणि दार पाडलं. घरात धूर छातीपर्यंत उतरला होता. आम्ही वाकून पुढे गेलो. उलटं पडलेलं एक स्टूल, टेबलावर निवडायला घेतलेली मेथी. हॉल रिकामा, स्वयंपाकघर रिकामं. शेल्टरचं पोलादी दार बंद होतं. वेई मिंगनं त्यावर उष्णता दाखवणारा कॅमेरा धरला. दार गार होतं. मी ठोकलं.

"काकू!"

काही नाही.

"काकू, मी अनघा! दार उघडा!"

मास्कमधून आवाज असा येतो, जसं पत्र्याच्या पिंपातून कोणी बोलतंय. आतून बारीक आवाज आला. "कोण अनघा?"

आता बोला! "बिशानची अनघा! पुरणपोळीवाली!"

"निशी कुठाय?"

"खाली आहे काकू, पाणी देतोय!"

"धडधाकट आहे ना?"

"आहे! उघडा आता, पाया पडते तुमच्या!"

दाराची मूठ आतून कुरकुरत फिरली. मी जोर लावून दार ओढलं.

आत मिट्ट काळोख. माझ्या हेल्मेटच्या उजेडात आधी देवीचा टाक चमकला, मग काकू दिसल्या. पाटावर बसलेल्या, पदर ओला करून नाकाशी धरलेला. शुद्धीवर होत्या. परातीत दिवा होता. काळा. वातीचं टोक विझलेलं. तेल काठोकाठ.

मी त्यांच्या तोंडावर धुराचा मास्क चढवायला गेले तर त्यांनी माझा हात धरून थांबवला.

"मी शांत केला," त्या म्हणाल्या. "निशीला सांगू नकोस."

"काकू, आधी चला—"

"ऐक गं. मी इथे गुदमरून गेले असते तर तो म्हणाला असता, दिव्यानं मारलं आईला. जन्मभर म्हणाला असता. आणि सायरन ऐकला ना मी. तोच आलाय, कळलं मला. तो आगीशी, आणि इकडे मी माझ्या हातानं..." त्यांचं तोंड वाकडं झालं, रडू फुटल्यासारखं. "सांगू नकोस त्याला. भरवसा जाईल त्याचा. आगीत जायचं असतं त्याला."

मला मास्कच्या आत रडू आलं. मास्कमध्ये रडू नये, काच धुरकटते. "नाही सांगत," मी म्हटलं. वेई मिंगला काही कळलं नव्हतं. त्यानं काकूंना उचललं, पोरीला उचलावं तसं, आणि आम्ही बाहेर पडलो.

खाली पोचलो तेव्हा निशिकांत पंपाच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. त्यानं आम्हाला पाहिलं. काकूंना पाहिलं. पण वर दोघे अजून पाणी मारत होते, आणि हफीझ सांगेपर्यंत पंपावरचा माणूस हलत नाही. चार पावलांवर आई रस्त्याच्या कडेला बसून ऑक्सिजन घेत होती, आणि हा मीटरच्या काट्याकडे बघत उभा. मी ओरडून सांगितलं, "शेजारची सायकल होती!" त्यानं मान हलवली. काट्यावरची नजर काढली नाही. लग्नातल्या चपला म्हणे!

शेवटी वॉकीटॉकीवर हफीझ बोलला. निशिकांतनं पाणी बंद केलं, हातमोजे काढले, आणि चार पावलं चालत आला. आईसमोर रस्त्यावर फतकल मारून बसला. मग काकू म्हणाल्या, "खिचडी खाल्लीस?"

"खाल्ली."

"मीठ कमी होतं."

"नाही, ठीक होतं."

डॉक्टरकडे न्यायची गरज नाही, आज सोबत मात्र कोणीतरी राहा, असं अँब्युलन्सबरोबर आलेल्या, तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं. हफीझनं निशिकांतच्या खांद्यावर हात ठेवला आणि इथल्या ढंगात म्हणाला, "अंकल, यू स्टे लाह. आम्ही बघतो पुढचं." धूर निवळल्यावर आम्ही काकूंना घेऊन वर गेलो. मला वर जायचं काही कारण नव्हतं. हेल्मेट राहिलं म्हणून सांगितलं आणि गेले.

घरभर काजळी होती. काकू थेट शेल्टरकडे गेल्या. निशिकांत त्यांच्या मागे, मी दारात. त्यानं टॉर्च लावला. बारा-चौदा वर्षं हा माणूस जळलेल्या घरांतून फिरलाय. आग कुठे लागली, कशी लागली, कशानं विझली, हे तो भिंती बघून सांगतो. त्यानं परात बघितली. काठोकाठ तेल बघितलं. आणि परातीच्या कडेला पडलेलं झेंडूचं फूल बघितलं. फुलाच्या पाकळ्या एका बाजूनं काळ्या पडल्या होत्या. आपल्यात दिवा फुंकत नाहीत, फुलानं शांत करतात. हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

"वाऱ्यानं गेला रे," काकू म्हणाल्या. त्याच्याकडे न बघता.

निशिकांतनं टॉर्च वर नेला. खिडकी नसलेल्या भिंती. दोन गोल झाकणं, घट्ट पिळलेली. म्हटलं, आता हा तपास सांगणार. एवढं वर्षभर ज्याला त्याला सांगतो, आता आईला सांगणार.

त्यानं टॉर्च खाली आणला. वाकला, ते फूल उचललं आणि मुठीत बंद केलं.

"हो," तो म्हणाला. "आज वारा होताच. खालीसुद्धा फार होता."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून परातीतलं पाणी उगाच बोटानं ढवळलं.

"काडेपेटी कुठे ठेवलीयेस?" निशिकांतनं विचारलं.

या माणसानं आयुष्यात त्या दिव्याला काडी लावली नव्हती. त्या दिवशी लावली. पहिली काडी विझली. दुसरीनं वात धरली. काकूंनी हात जोडले. त्यानं स्टुलावर चढून वरची दोन्ही झाकणं उघडली, आणि या वेळी काकूंनी ती तशीच राहू दिली. मग पोलादी दाराला पाठ लावून तो दिव्याजवळ जमिनीवर बसला, त्या जाड, ओल्या पँटसकट.

"उठ, अंघोळ कर," काकू म्हणाल्या.

"ज्योत एकटी सोडायची नाही," तो म्हणाला. "मी बसतो."

मी हेल्मेट शोधायचं नाटक करून स्वयंपाकघरात गेले, मेथी उचलून फ्रीजमध्ये टाकली, आणि निघताना परत डोकावले. निशिकांतची मान कलली होती. तोंड उघडं टाकून तो गाढ झोपला होता, एक मूठ अजून मिटलेली. काकू पाटावर ताठ बसल्या होत्या, दिव्याकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून.